रस्ते वाढले, पण जोडले गेले का? कोकणातल्या शहराचं रस्त्यांचं जाळं काळानुसार मोजण्याची रीत

‘दहा वर्षांत शहरातले रस्ते दुप्पट झाले’ असं ठळक अक्षरात लिहिलेले प्रकल्प-अहवाल माझ्याकडे वाचायला येत असतात. कुणी भूगोलाचा विद्यार्थी असतो, कुणी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, कधी एखादा तळमळीचा नगरसेवक. मेहनत खरी असते, पण मोजमाप बहुतेक वेळा चुकलेलं असतं, आणि चुकाही ठरलेल्या असतात. ओपनस्ट्रीटमॅपच्या, म्हणजे स्वयंसेवकांनी काढलेल्या खुल्या नकाशाच्या, जुन्या आणि नव्या प्रतीची वजाबाकी केलेली असते. जाळं नगरपरिषदेच्या हद्दीवर कापलेलं असतं. सगळ्या शहराची एकच सरासरी काढलेली असते. आणि पाखाड्या, म्हणजे वाडीवाडीतल्या दगडी पायवाटा, मोजलेल्याच नसतात.

म्हणून ही रीत टप्प्याटप्प्याने लिहितो आहे. उदाहरणं मुख्यतः रत्नागिरीची आहेत, पण चिपळूण, कुडाळ, अलिबाग, सावंतवाडी, कुठेही हीच रीत चालेल. आपल्याला उत्तर हवंय ते एवढ्याच प्रश्नाचं: नवे रस्ते एकमेकांना जोडत गेले, की एकाच मुख्य रस्त्याला लोंबत राहिले?

१. आधी शब्द पक्के करा

जाळ्यात दोनच गोष्टी असतात. जिथे तीन किंवा जास्त वाटा मिळतात, किंवा जिथे वाट संपते, ती *गाठ*. दोन गाठींमधला रस्ता म्हणजे *दुवा*. रस्ता नुसता वळला तर तिथे गाठ होत नाही.

गाठीला किती वाटा येऊन मिळतात ते तिचे *फाटे*. तिठ्याला तीन, चौकाला चार. एकच फाटा असलेली गाठ म्हणजे *बंद टोक*. जो दुवा काढला की पलीकडचा भाग उरलेल्या शहरापासून तुटतो, तो *एकुलता दुवा*. आणि दोन ठिकाणांमधलं रस्त्याचं अंतर भागिले सरळ रेषेतलं अंतर म्हणजे *वळसा*. वळसा १.२ असेल तर वाट जवळपास थेट आहे. तो ४ असेल तर समोर दिसणाऱ्या घरी जायला गाडी काढावी लागते.

वळसा आणि वळण यांची गल्लत करू नका. घाटीतला रस्ता वळणं घेत चढतो, कारण उतार तसा आहे. हे वळण म्हणजे शहराचा पसारा, म्हणजे विस्कळीत, न जोडलेली वाढ, नव्हे.

२. चौकट आखा, आणि ती एकदाच आखा

रत्नागिरी नगरपरिषदेची हद्द घेऊन मोजणी केली, तर गेल्या काही दशकांतली खरी वाढ हद्दीबाहेर राहते. मारुती मंदिरावरून साळवी स्टॉप, तिथून कुवारबाव आणि पुढे हातखंब्याच्या दिशेने शहर लांबत गेलं. नाचणे, मिरजोळे, शिरगाव या ग्रामपंचायतींत घरं झाली. पसारा मोजायला बसायचं आणि तोच चौकटीबाहेर ठेवायचा, असं होतं.

यासाठी आजच्या बांधलेल्या भागाची बाह्यरेषा काढा, तिच्याबाहेर एक किलोमीटर पट्टा घ्या आणि *सगळ्या वर्षांसाठी* हीच चौकट वापरा. १९९५ साठी लहान आणि २०२५ साठी मोठी चौकट घेतलीत, तर आकड्यांत चौकटीचा बदल मिसळतो आणि तो नंतर वेगळा काढता येत नाही.

बाहेरचा पट्टा मोजणीसाठी नाही. चौकटीच्या कडेला कापलेला रस्ता संगणकाला बंद टोक वाटतो, ती खोटी टोकं पट्ट्यात राहावीत म्हणून तो घ्यायचा. निकाल काढताना पट्टा वगळायचा.

*तपासा:* प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मीटरांत मांडण्याची पद्धत, यूटीएम ४३ उत्तर (संगणकातला क्रमांक ईपीएसजी ३२६४३) आहे ना? अख्खं कोकण यूटीएमच्या याच विभागात येतं. अक्षांश-रेखांशांच्या अंशांत लांबी मोजली तर पुढचं सगळं वाया जातं.

३. सामग्री जमवा

- आजचं जाळं: ओपनस्ट्रीटमॅप. क्यूजीआयएस या नकाशे हाताळणाऱ्या मोफत प्रणालीत उघडा. पायथन ही संगणकभाषा येत असेल तर तिच्यातलं ओएसएमएनएक्स हे साधन वापरा, बरंच काम वाचतं.
- जुनी चित्रं: गूगल अर्थ प्रोची कालपट्टी. स्पष्ट चित्रं २००० नंतरच्या दशकातली मिळतात, त्याआधीची फार धूसर असतात.
- त्याआधीचा काळ: भारतीय सर्वेक्षण विभागाचे एकास पन्नास हजारचे नकाशे, आणि शहराच्या जुन्या विकास आराखड्यातला ‘विद्यमान भूवापर’ नकाशा.
- बांधलेला भाग: जागतिक मानवी वस्ती स्तर, जो १९७५ पासून पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांत मिळतो.
- उंची: कोपर्निकसचं ३० मीटरचं उंचीचं प्रतिमान.
- गावनकाशा. महसूल खात्याच्या नकाशावर गाडीरस्ता दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेने दाखवलेली असते. हरवलेल्या पाखाड्यांचा पुरावा बहुतेक वेळा इथेच सापडतो.

थांबा. विकास आराखड्यातला *प्रस्तावित* रस्ता म्हणजे झालेला रस्ता नव्हे. प्रस्तावित रस्ते वेगळ्या थरावर ठेवा आणि मोजणीत घेऊ नका. आराखड्यात जोडलेले आणि जागेवर अर्ध्यात थांबलेले रस्ते प्रत्येक शहरात असतात.

४. आजचं जाळं स्वच्छ करा

हे काम कंटाळवाणं आहे. दोन-तीन आठवडे जातील. ते टाळलंत तर पुढचा एकही आकडा विश्वासाचा राहणार नाही. क्रम असा ठेवा:

आधी तुटलेल्या जोडण्या. दोन रेषा चित्रात एकमेकींना टेकलेल्या दिसतात, पण त्यांचा बिंदू सामाईक नसतो. बंद टोकांची यादी काढा आणि दुसऱ्या रस्त्यापासून पाच मीटरच्या आत असलेलं प्रत्येक टोक उपग्रहचित्रावर डोळ्यांनी पाहा. आपोआप जोडणारं साधन चालवू नका. आपल्याकडे दोन रस्त्यांमध्ये चिऱ्यांचा गडगा (कुंपणाची भिंत) असतो, आणि पाच मीटरवर असूनही ते रस्ते खरोखर जोडलेले नसतात.

मग दुभाजकाचा महामार्ग. राष्ट्रीय महामार्ग ६६ चौपदरी झाला तिथे नकाशावर एका रस्त्याच्या दोन रेषा झाल्या, बाजूला सेवारस्ता आला, आणि एका तिठ्याच्या जागी तीन-चार गाठी दिसू लागल्या. पंधरा-वीस मीटरच्या आतल्या अशा गाठी एकत्र करा. उड्डाणपुलाखालून जाणारा रस्ता वरच्या रस्त्याला चुकून जोडला जात नाही ना, हेही बघा.

मग बंगल्यांच्या आतल्या वाटा, कारखान्यांची आवारं, पेट्रोलपंपांचे पट्टे काढून टाका.

शेवटी पाखाड्या. जाळी दोन ठेवा: एक गाडीचं, एक पायी चालणाऱ्याचं. कोकणात हा भेद टाळताच येत नाही. जुन्या वाडीत गाडीरस्ता एकच असतो आणि तो देवळापाशी संपतो. गाडीच्या जाळ्यात ती वाडी म्हणजे एक लांबलचक बंद टोक. पण तीच वाडी पायी चाललात तर पाखाडी वरच्या आळीत निघते, दुसरी व्हाळावरच्या साकवावरून (ओढ्यावरच्या लहान पुलावरून) शाळेकडे जाते, तिसरी खाली खाडीवर उतरते. पाखाडी न मोजणारा अहवाल त्या वाडीला ‘तुटलेली’ ठरवतो आणि सड्यावरच्या (कातळाच्या माळावरच्या) एकाच फाटकाच्या नव्या वसाहतीला तिच्याइतकेच गुण देतो.

*तपासा:* फाट्यांची सरासरी साडेतीनच्या वर आली असेल तर खूश होऊ नका. बहुधा दुहेरी वाहतुकीचा प्रत्येक रस्ता तुमच्या साधनाने जाणारा आणि येणारा असा दोनदा मोजला आहे. जाण्या-येण्याची दिशा न धरणारं जाळं करून पुन्हा मोजा.

५. प्रत्येक दुव्याला साल लावा

सगळ्यात मोठी चूक इथे होते. ओपनस्ट्रीटमॅपची २०१४ ची प्रत घेतली, २०२४ ची घेतली आणि वजाबाकी केली. निघालेला आकडा *नकाशा काढणाऱ्यांच्या कामाचा* आहे, शहराच्या वाढीचा नाही. एखाद्या स्वयंसेवकाने २०१९ मध्ये राम आळीच्या आतल्या बोळी काढल्या, म्हणून त्या २०१९ मध्ये तयार झाल्या असं होत नाही. या रीतीने मोजलं की सगळ्यात जुनी वस्ती सगळ्यात नवी दिसू शकते.

बरोबर रीत उलटी आहे. आजचं स्वच्छ जाळं हातात घ्यायचं आणि काळात मागे जायचं.

पहिलं पाऊल: कालखंड ठरवा. चार किंवा पाच पुरेत. मी असे घेतो: १९८५ पूर्वी, १९८५ ते २०००, २००१ ते २०१०, २०११ ते २०१८, त्यानंतर. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हा स्टेशनाकडच्या वाढीसाठी २००० ची रेघ सोयीची पडते.

दुसरं: नियम ठरवा. रस्ता *कापला* ते साल घ्यायचं, की कडेला घरं *झाली* ते? दोन्ही चालतं, मिसळणं चालत नाही. आपल्याकडे हा फरक मोठा असतो. सड्यावर एनए (बिगरशेती) प्लॉट पाडतात, मुरमाचे रस्ते काढतात, आणि पुढे कित्येक वर्षं एकही घर उभं राहत नाही. मी कापल्याचं साल घेतो, कारण जोडणी त्याच दिवशी ठरते. एकदा प्लॉट विकले गेले की मधून रस्ता काढणं जवळजवळ अशक्य.

तिसरं: प्रत्येक दुवा चित्रांवर मागे मागे पाहत जा. ज्या चित्रात तो *पहिल्यांदा* दिसला ते साल लिहा आणि शेजारच्या रकान्यात खात्री लिहा: पक्की, मध्यम, अंदाजे. खात्रीचा रकाना आळस करून सोडू नका, शेवटी तोच उपयोगी पडतो.

चित्रं वाचताना कोकणात चार गोष्टी डोक्यात ठेवा.

पावसाळ्यातली चित्रं सोडा. ढग तर असतातच, पण ऑक्टोबरातही सड्यावरचं गवत कच्चा रस्ता झाकतं. फेब्रुवारी ते मे या काळातलं चित्र घ्या.

उन्हाळ्यातला उघडा कातळ संगणकाला बांधलेल्या भागासारखा दिसतो. मी पहिल्यांदा लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचं वर्गीकरण केलं तेव्हा शहराजवळचा अख्खा सडा ‘वस्ती’ म्हणून रंगला होता. सड्यावरचे असे डाग हाताने तपासा.

याच्या उलट, माडाच्या आणि आंब्याच्या छपराखालची घरं वरून दिसतच नाहीत. मांडवीसारख्या माडांच्या वस्तीत बांधलेला भाग कमी भरतो. म्हणून तयार वस्ती-स्तरावरून रस्त्याचं साल आंधळेपणाने घेऊ नका. सड्यावर तो स्तर साल अलीकडचं किंवा जुनं, दोन्हीकडे चुकवू शकतो, आणि वाडीत वस्तीच गाळतो.

चौथी गोष्ट, लँडसॅटचा एक ठिपका ३० मीटरचा असतो. सहा मीटर रुंद रस्त्याचं साल त्यावरून ठरत नाही. सेंटिनेल-२ या उपग्रहाचा ठिपका १० मीटरचा, पण ती चित्रं २०१५ पासूनचीच आहेत.

जुनी चित्रं पाच-दहा मीटर सरकलेलीही असतात. रस्ता सरकल्यासारखा वाटला तर आधी जवळचं देऊळ किंवा पूल सरकलाय का ते पाहा.

थांबा. पुढे जाण्यापूर्वी कुठलेही पन्नास दुवे यादृच्छिक निवडा आणि दुसऱ्या माणसाकडून त्यांना साल लावून घ्या, तुमची उत्तरं न दाखवता. दहापेक्षा जास्त ठिकाणी कालखंड जुळला नाही तर नियम अस्पष्ट आहे. तो सुधारा आणि पुन्हा बसा.

६. बंद टोकांची चौकशी करा

कोकणात प्रत्येक बंद टोकाला पसारा म्हणणं हा अन्याय आहे. मिरकरवाड्यात वाट समुद्रापाशी संपते, ती कुणाच्या चुकीने नव्हे. प्रत्येक टोकाला तीनपैकी एक शिक्का द्या:

*भूगोलाचं टोक:* पुढे खाडी, समुद्र, खाजण (भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन), कडा किंवा एकास पाचहून तीव्र उतार. उंचीच्या प्रतिमानावरून पहिली यादी निघते. पण ३० मीटरचं प्रतिमान लहान दरडी पुसून टाकतं, म्हणून ती यादी अंतिम मानू नका.

*माणसाने केलेलं टोक:* पुढे सपाट जमीन आहे, पलीकडे दुसरा रस्ताही आहे, मधे कंपाउंड आहे. आपल्याला मोजायचं आहे ते हे.

*नकाशाचं टोक:* जागेवर वाट पुढे जाते, नकाशात नाही. दुरुस्त करा आणि जाळं पुन्हा काढा.

आता जागेवर जायचं. प्रत्येक कालखंडातली निदान तीस टोकं चिठ्ठ्या टाकून निवडा, सोयीची निवडू नका. दिवाळीनंतर जा, तेव्हा वाटा उघड्या असतात. विचारायचं कुणाला? पोस्टमनला, गॅसची गाडी चालवणाऱ्याला, रिक्षास्टँडवर, आणि त्या आळीतल्या सत्तरीच्या आजींना. ‘इथे पूर्वी रस्ता होता का?’ असं विचारलंत तर ‘नाही’ असं उत्तर येतं, कारण रस्ता म्हणजे डांबर. ‘आजी, तुम्ही शाळेत कुठल्या वाटेने जायचात?’ असं विचारा. मग पाखाडी, बेडं (आवाराचं फाटक), व्हाळ, वाटेतलं कोकमाचं झाड, सगळं निघतं. ती वाट आज कुणाच्या कंपाउंडमध्ये अडली, तेही निघतं. गावनकाशावरची तुटक रेषा आणि आजींची वाट जुळली की पुरावा भक्कम.

अशा बंद झालेल्या वाटांचा वेगळा थर करा आणि त्यांना दोन सालं लावा: कधीपर्यंत चालू होती आणि कधी बंद झाली. उपग्रहचित्रावर पाखाडी झाडांखाली असते, त्यामुळे हा थर जागेवर गेल्याशिवाय तयार होत नाही.

७. मोजा

चार आकडे पुरेत: फाट्यांची सरासरी, बंद टोकांचा वाटा (माणसाने केलेली टोकं वेगळी दाखवून), एकूण लांबीत एकुलत्या दुव्यांचा वाटा, आणि वळसा. हे चारही शेजारी ठेवा, त्यांची बेरीज करून एक गुण काढू नका. जगभरच्या शहरांची तुलना करणारे संशोधक असे अनेक घटक सांख्यिकी रीतीने एका निर्देशांकात बांधतात. हजारो शहरं असतात तेव्हा ते योग्य आहे. एकाच शहरासाठी असा गुण काढलात की काय बिघडलं ते त्यात बुडून जातं.

चारही का लागतात, ते एका कल्पित प्लॉटिंगवर पाहू. मुख्य रस्त्यावरून एक अंतर्गत रस्ता आत जातो. त्याच्या एकाच बाजूला ओळीने चार गल्ल्या फुटतात, चारही बंद. अंतर्गत रस्ताही शेवटी बंद. मुख्य रस्त्यावरची गाठ सोडून आत नऊ गाठी आहेत: चार तिठे आणि पाच बंद टोकं. दुवेही नऊ.

फाटे: चार तिठ्यांचे बारा, पाच टोकांचे पाच, एकूण सतरा. सतरा भागिले नऊ म्हणजे १.८९. बंद टोकांचा वाटा ५६ टक्के. एकुलते दुवे शंभर टक्के, कारण कुठलाही तोडा, मागचा भाग सुटतो.

आता पहिली गल्ली दुसरीला आणि तिसरी चौथीला मागच्या बाजूने जोडली. चार टोकं गेली. उरले चार तिठे आणि एक टोक. तेरा भागिले पाच म्हणजे २.६. बंद टोकं २० टक्के. कागदावर वसाहत एकदम सुधारली. पण आत शिरण्याचा दुवा अजून एकुलताच आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या तिठ्यामधलाही. मागच्या वसाहतीतल्या दुकानात जायला तेवढाच वळसा पडतो. शहराच्या दृष्टीने काहीही जोडलं गेलेलं नाही.

मग अंतर्गत रस्त्याचं शेवटचं टोक मागच्या वसाहतीच्या रस्त्याला जोडलं, आणि तो रस्ता पुढे मुख्य रस्त्याला मिळतो असं धरा. सरासरी ३ झाली, बंद टोक एकही नाही, आणि एकुलता दुवाही एकही नाही. फाट्यांची सरासरी २.६ वरून ३ वर गेली, म्हणजे फक्त ०.४ चा फरक. पण एकाच जोडणीने आग विझवणाऱ्या बंबाला दुसरी वाट मिळाली. म्हणून माझ्या मते एकुलत्या दुव्यांचा आकडा सगळ्यात बोलका आहे, आणि अहवालांत नेमका तोच गाळलेला असतो.

वळसा काढताना बिंदूंच्या जोड्या सरळ अंतरानुसार गटांत पाडा: ५०० मीटरच्या आत, ५०० ते १०००, १००० ते १५००. प्रत्येक गटात रस्त्याच्या सगळ्या अंतरांची बेरीज भागिले सरळ अंतरांची बेरीज करा. प्रत्येक जोडीचं गुणोत्तर काढून मग सरासरी घेतलीत तर अगदी जवळच्या दोन-चार जोड्या सगळा निकाल ओढून नेतात. खाडीच्या दोन काठांवरच्या जोड्या वेगळ्या ठेवा. राजीवडा आणि भाट्ये यांच्यातला वळसा पुलाच्या जागेमुळे आहे, वसाहतींच्या आखणीमुळे नाही. दाभोळ-धोपावेसारखी फेरी तुमच्या चौकटीत असेल तर ती जाळ्यात घेतली की नाही ते स्पष्ट लिहा, आणि सगळ्या कालखंडांना तोच निर्णय लावा.

चौकांची घनता काढायची असेल तर भागाकार बांधलेल्या क्षेत्राने करा. खाडी, खाजण, मोकळा सडा धरून भागलंत तर कुठलंही कोकणी शहर विरळच दिसेल.

८. साठा आणि भर वेगळी ठेवा

आता काळाचा प्रश्न. समजा जुन्या शहरात ४०० गाठी आहेत, सरासरी फाटे २.९. नव्या वाढीत १०० गाठी, सरासरी २.१. सगळं शहर मिळून २.७४. अहवालात लिहिलं जातं: ‘जोडणीत किरकोळ घट.’ खरं तर नवी वाढ जुन्यापेक्षा ०.८ ने खाली आहे. जुन्या शहराच्या वजनाखाली ती झाकली गेली. अमेरिकेतल्या रस्त्यांच्या शतकभराच्या अभ्यासात हा भेद पाळला, म्हणूनच तिथल्या नव्या रस्त्यांचा विस्कळीतपणा १९९०च्या दशकाच्या मध्यात कळसाला पोचून नंतर उतरल्याचं दिसलं. सगळ्या रस्त्यांच्या सरासरीत ते वळण ओळखायला फार उशीर झाला असता.

म्हणून दोन तक्ते करा. पहिला साठ्याचा: त्या सालापर्यंतचं सगळं जाळं. दुसरा भरीचा: फक्त त्या कालखंडात आलेलं. वाचकाला आधी दुसरा दाखवा.

भरीच्या तक्त्यात एक खाच आहे. नवं प्लॉटिंग जुन्या रस्त्याला जोडलं की जुन्या रस्त्यावर तिठा तयार होतो. हा तिठा कुणाचा? जुन्या रस्त्याचं साल लावलंत तर जुन्या काळाची जोडणी फुकट सुधारते. प्रत्येक बंद वसाहत मुख्य रस्त्याला एक तिठा बहाल करते, आणि मारुती मंदिर ते कुवारबाव असा लांब रस्ता तिठ्यांनी भरून जातो. नियम असा ठेवा: गाठीला तिसरा फाटा *ज्या साली* फुटला ते तिचं साल. बंद टोकाला त्याच्या दुव्याचं साल.

आणखी एक रकाना ठेवा: आधीच्या काळातलं बंद टोक या काळात पुढे जोडलं गेलं का? ज्या शहरात हा रकाना भरलेला असतो तिथे चुका उशिरा का होईना दुरुस्त होतात. रिकामा असेल तर ‘रस्ता पुढे होईल’ हे आश्वासन त्या शहरात पाळलं जात नाही, असं आकड्यानिशी म्हणता येतं.

९. तुटलेलं शोधा

जोडणी रस्ता न हटवताही कमी होते. मोजणीत हे आपोआप येत नाही, मुद्दाम शोधावं लागतं.

महामार्गाच्या मधे दुभाजक आला आणि तिठ्यावरची फट बुजवली की समोरासमोरच्या दोन वाड्यांमध्ये अंतर वीस मीटरच राहतं, पण वाट पुढच्या अंडरपासपर्यंत जाते. प्रत्येक फट, अंडरपास आणि पादचारी पूल जागेवर पाहून नोंदवा. पायी जाळ्यासाठी हेच दुवे निर्णायक असतात.

वसाहतीचं फाटक आधी उघडं होतं, मग रात्री बंद, मग कायम बंद. अशा दुव्यांना ‘अटीवर चालू’ असा शिक्का द्या आणि निकाल दोनदा काढा, फाटकं उघडी धरून आणि बंद धरून.

मग पुराची चाचणी. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेली. पुराच्या रेषेखालचे दुवे जाळ्यातून काढा आणि पाहा, कुठली वस्ती एकटी पडते, रुग्णालयापर्यंतचा वळसा किती होतो. पूल एक-एक करून काढूनही तपासा. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, माणसं गेली. शेजारी नवा पूल असल्याने जाळ्याच्या भाषेत तो दुवा एकुलता नव्हता. तुमच्या शहरातले किती पूल एकुलते आहेत, त्यांची नावानिशी यादी अहवालात द्या.

१०. लिहून द्या, असं की दुसरा तपासू शकेल

एका पानावर भरीचा तक्ता: कालखंड, नवी लांबी किलोमीटरमध्ये, फाट्यांची सरासरी, माणसाने केलेली बंद टोकं, एकुलत्या दुव्यांचा वाटा, वळसा. गाडीचा वेगळा, पायी वेगळा. ‘अंदाजे’ खात्रीचे दुवे काढून तेच आकडे पुन्हा काढा. निष्कर्ष उलटला तर तो निष्कर्ष लिहू नका.

दुसऱ्या पानावर नकाशा, दुव्यांना कालखंडाचे रंग. तिसऱ्या पानावर, आणि माझ्या अनुभवात वाचलं जातं ते हेच पान, वीस जोडण्यांची यादी: कुठलं बंद टोक कुठल्या रस्त्याला जोडलं तर एकुलत्या दुव्यांची लांबी सगळ्यात जास्त कमी होते. प्रत्येक जोडणीपुढे मधलं अंतर, मधल्या जमिनीचा गट नंबर आणि गावनकाशावर तिथे पायवाट आहे की नाही हे लिहा. मालकाचं नाव लिहू नका, त्याची गरज नाही.

विकास आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध होतो तेव्हा मुदत थोडी असते आणि ती नोटिशीत दिलेली असते. मसुदा आल्यावर मोजायला बसलात तर साल लावण्याचं कामच मुदतीत संपत नाही. चौकट, स्वच्छ जाळं आणि सालांचे रकाने आधीच तयार ठेवा. मसुदा हाती आला की त्यातले प्रस्तावित रस्ते त्या जाळ्यावर टाका, सातवा टप्पा पुन्हा चालवा, आणि प्रत्येक प्रस्तावित रस्त्यापुढे तो किती एकुलते दुवे कमी करतो ते लिहून सूचना दाखल करा. पोच घ्यायला विसरू नका.